दूरच्या आमदाराला मुंबईत खोली मिळालीच पाहिजे

२४ मार्च २०२२ रोजी तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी विधानसभेत घोषणा केली की मुंबईत गोरेगावला आमदारांसाठी सुमारे ३०० कायमस्वरूपी घरं बांधली जातील. राज्यभर लोक खवळले. १९८२ च्या संपानंतर देशोधडीला लागलेल्या गिरणी कामगारांचे आणि त्यांच्या वारसांचे दीड लाखाच्या आसपास अर्ज आले होते, त्यातल्या थोड्यांनाच घरं मिळाली होती आणि कित्येक अर्जदार वाट पाहता पाहता वारले होते. अशा वेळी निवडून आलेल्यांचा नंबर आधी कसा लागतो, हा प्रश्न कुणालाही पडावा असाच होता. घरं फुकट दिली जाणार नाहीत, बांधकामाचे पैसे आमदारांकडून घेतले जातील, असा खुलासा गृहनिर्माणमंत्री जितेंद्र आव्हाड यांना करावा लागला. शरद पवार यांनीही आपला व्यक्तिशः विरोध असल्याचं सांगितलं. योजना मागे पडली, आणि मागे पडली हे योग्यच झालं.

पण त्या दिवसांत लोकांच्या मनात एक मत घट्ट बसलं. चहाच्या टपरीपासून अग्रलेखांपर्यंत ते आजही सर्वत्र भेटतं. आमदार कोट्यधीश आहेत, अधिवेशन वर्षातून मोजके दिवस चालतं, तेवढ्यापुरतं त्यांनी हॉटेलात उतरावं नाहीतर पक्षाने त्यांची सोय करावी, करदात्याच्या पैशातून त्यांच्या निवाऱ्यावर छदामही जाऊ नये, असं ते मत. मला ते साफ अमान्य आहे. ते अमलात आलं तर ज्या गोरगरिबांच्या नावाने ते मांडलं जातं, त्यांचंच सर्वांत जास्त नुकसान होईल. गोरेगावच्या मालकीच्या घरांना माझा विरोध होता. मनोरा आमदार निवास रिकामं झाल्यावर सुरू झालेल्या ठोक भाड्यालाही आहे. तरीही राजधानीपासून दूर राहणाऱ्या आमदाराच्या मुक्कामाचा भार राज्यानेच उचलला पाहिजे, असं मी म्हणतो. या भूमिकांत विसंगती नाही, हे पुढे दाखवतो.

आधी अंतराचं पाहू, कारण या वादात सगळं बोललं जातं आणि तेवढंच राहून जातं. विधानसभेच्या २८८ जागांपैकी ३६ मुंबई शहर आणि उपनगरांत आहेत. तिथल्या आमदारांना सभागृह उठल्यावर रात्री आपल्या घरी जाऊन झोपता येतं. आसपासच्या शहरांतल्या काहींना धडपड करून तेही जमतं. बाकीच्या दोनशेहून अधिक जणांना जमत नाही. अहेरी मतदारसंघाचं दक्षिणेचं टोक म्हणजे सिरोंचा, प्राणहिता आणि गोदावरीच्या काठचा तालुका. तिथून हैदराबाद मुंबईपेक्षा कितीतरी जवळ. सिरोंच्याहून गडचिरोली सुमारे २०० किलोमीटर, तिथून नागपूर आणखी पावणेदोनशेच्या आसपास आणि नागपूरहून मुंबई रेल्वेने ८३७ किलोमीटर. याच मतदारसंघातल्या भामरागडला पर्लकोटा नदीच्या पुराने वेढलं की गावाचा जगाशी संपर्क तुटतो, आणि पावसाळी अधिवेशन नेमकं त्याच दिवसांच्या तोंडावर असतं. म्हणजे ज्या काळात आमदार गावात हवा, त्याच काळात गावाचं गाऱ्हाणं सभागृहात मांडायलाही तोच हवा. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्ग पुरता, म्हणजे ७०१ किलोमीटर, खुला झाला आणि नागपूरकरांचे काही तास वाचले. सिरोंच्याच्या माणसाला आधी नागपूर गाठावं लागतं, त्याचं गणित या महामार्गाने फारसं बदललेलं नाही.

अंतर नुसतं किलोमीटरमध्येही मोजून चालत नाही. डहाणू रोड स्टेशन चर्चगेटपासून सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे आणि २०१३ पासून तिथवर लोकल जाते. नकाशावर डहाणू मुंबईच्या अंगणात वाटतं. पण अर्थसंकल्पी अधिवेशनात रात्री उशिरापर्यंत मागण्यांवर चर्चा चालते, त्या रात्री चर्चगेट गाठायचं, लोकलमध्ये अडीच-तीन तास काढायचे, पुढे पाड्यावरच्या घरी पोहोचायचं आणि सकाळी परत सभागृहात हजर व्हायचं, हे आठवडाभर कुणाला झेपेल? डहाणूचे आमदार विनोद निकोले यांच्या २०१९ च्या प्रतिज्ञापत्रातली एकूण मालमत्ता ५१,०८२ रुपयांची होती. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या या कार्यकर्त्याला आदिवासी मतदारांनी २०२४ मध्ये पुन्हा निवडून दिलं. नरिमन पॉइंटच्या हॉटेलात आपल्या खर्चाने उतरा, असं त्यांना सांगायचं का? दक्षिण मुंबईत एका खोलीचं महिन्याचं भाडं किती असतं, हे सल्ला देणाऱ्यांना चांगलं ठाऊक आहे.

'पण असे निकोले किती?' हा प्रतिप्रश्न लगेच येतो, आणि तो खरा आहे. २०२४ च्या निकालानंतर असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स या संस्थेने २८६ आमदारांची प्रतिज्ञापत्रं तपासली, त्यांत २७७ कोट्यधीश होते. शंभरात ९७. खोल्या आणि भत्ते बंद करा म्हणणारे हाच आकडा पुढे करतात. मला तो आकडा नेमकी उलट भीती दाखवतो. शंभरातले तीनच बिनपैशाचे उरले आहेत, आणि सोयी काढल्या तर पहिले तेच तीन बाहेर फेकले जातील. २७७ जणांचं काहीही बिघडणार नाही. त्यांचे मुंबईत फ्लॅट आहेत, नसले तर उद्या घेतील. श्रीमंत आमदाराला धडा शिकवायचा म्हणून काढलेली खोली त्याला कधी लागतच नव्हती. ती लागत होती शेतमजुराच्या पोराला, आश्रमशाळेत शिकून निवडून आलेल्या बाईला, आयुष्यभर चळवळीत घालवून पन्नाशीत पहिल्यांदा सभागृहात पोहोचलेल्या कार्यकर्त्याला.

या वादात गणपतराव देशमुखांचं नाव हमखास निघतं. सांगोल्यातून ११ वेळा निवडून आलेले, शेतकरी कामगार पक्षाचे, एसटीने प्रवास करणारे गणपतराव. ते साधे राहिले, मग यांना काय झालं, असं म्हणतात. त्यांच्याविषयी माझ्याही मनात अपार आदर आहे. पण साध्या माणसाला सार्वजनिक सोयच लागते, हे विसरलं जातं. आमदाराला मोफत प्रवास देणारी एसटी सरकारचीच. ती बंद केली तर साधा आमदार अधिक साधा होत नाही, तो कुणाच्या तरी गाडीत बसतो.

ही चर्चा या भूमीला नवी नाही. १९३७ मध्ये मुंबई प्रांताच्या विधानसभेत बाळासाहेब खेरांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने मंत्र्यांना दरमहा ५०० रुपये वेतन देणारं विधेयक आणलं. कराची काँग्रेसच्या १९३१ च्या ठरावाने ही मर्यादा घालून दिली होती. त्यागाचा तो काळ, त्या आकड्याविरुद्ध बोलणं लोकप्रिय नव्हतं. स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले आणि त्यांनी त्यावर टीका केली. त्यांच्या म्हणण्याचा गाभा असा होता की नुसती काटकसर हा निकष पुरेसा नाही. समाजातलं राहणीमान, पदाला लागणारी कुवत, लोकशाही आणि कारभाराची शुचिता, या सगळ्यांचा विचार करून वेतन ठरलं पाहिजे. ज्यांच्या पाठीशी पिढ्यानपिढ्यांची इस्टेट नाही अशा माणसांचं प्रतिनिधित्व करणारा नेता हे बोलत होता, याला माझ्या दृष्टीने फार महत्त्व आहे. सत्तेच्या पदावरचा त्याग घरच्या श्रीमंताला परवडतो. गरिबाच्या प्रतिनिधीकडून तीच अपेक्षा ठेवली की सत्ता आपोआप पहिल्याकडेच राहते.

इंग्लंडात हा लढा आणखी शंभर वर्षं आधी सुरू झाला होता. १८३८ च्या जनसनदेत चार्टिस्ट कामगारांनी सहा मागण्या केल्या, त्यांतली एक होती खासदारांना वेतन मिळावं ही, आणि दुसरी, खासदार होण्यासाठी मालमत्तेची अट नसावी ही. मालमत्तेची अट १८५८ मध्ये गेली. वेतन मिळायला १९११ उजाडलं, तेही वर्षाला ४०० पौंड. मधल्या त्रेपन्न वर्षांत कायद्याने मालमत्ता नसलेल्यालाही निवडणूक लढवता येत होती आणि व्यवहारात लंडनमध्ये पदरच्या पैशाने राहणं ज्याला शक्य होतं तोच लढवत होता. कामगार संघटना वर्गणी काढून आपल्या खासदारांना जगवत होत्या. १९०९ मध्ये ऑस्बोर्न खटल्यात न्यायालयाने तेही बेकायदा ठरवलं आणि मगच संसदेला जाग आली. अट काढली तरी खर्च तसाच ठेवला तर अट कायम राहते, हे इंग्रज कामगारांनी सोसून शिकलेलं आहे. आपण ते पुन्हा सोसायची गरज नाही.

त्याच इंग्लंडात मे २००९ मध्ये 'डेली टेलिग्राफ'ने खासदारांच्या भत्त्यांची बिलं छापायला सुरुवात केली, तेव्हा देश हादरला. लंडनबाहेरच्या खासदारांना दुसऱ्या घराचा खर्च मिळत असे. त्या खात्यावर कुणी वाड्याभोवतीचा खंदक उपसल्याचा खर्च लावला होता, कुणी तळ्यातल्या बदकांसाठी घेतलेल्या छोट्या घराचं बिल जोडलं होतं. कुठलं घर पहिलं आणि कुठलं दुसरं, हे सोयीप्रमाणे बदलून दोन्ही घरांची डागडुजी सरकारी पैशाने करून घेणारे निघाले. डेव्हिड चेटर या खासदाराने स्वतःच्याच मालकीच्या फ्लॅटचं भाडं वसूल केलं होतं. त्याला २०११ मध्ये १८ महिन्यांची कैद झाली. कॉमन्स सभेचे अध्यक्ष मायकेल मार्टिन यांना पद सोडावं लागलं. १६९५ नंतर एखाद्या अध्यक्षाला असं पायउतार व्हावं लागण्याची ही पहिलीच वेळ.

आता पुढचं पाहा, कारण आपल्याकडे ही कहाणी बदकांच्या घरापाशीच थांबवतात. इतक्या संतापानंतरही ब्रिटनने दूरच्या खासदारांची सोय बंद केली नाही. भत्ता ठरवण्याचा आणि तपासण्याचा अधिकार खासदारांच्या हातून काढून एका स्वतंत्र प्राधिकरणाकडे दिला. लंडन आणि परिसरातल्या खासदारांना राहण्याचा खर्च बंद केला. परिसर कुठवर धरायचा, तर मतदारसंघ संसदेपासून वीस मैलांच्या आत असेल किंवा तिथून तासाभरात रेल्वेने पोहोचता येत असेल तिथवर. घराच्या कर्जाचं व्याज सरकारने भरायची पद्धत मोडीत काढली, म्हणजे करदात्याच्या पैशातून खासदाराची मालमत्ता वाढण्याचा रस्ता बंद झाला. प्रत्येक दावा लोकांना पाहता येईल असा जाहीर होऊ लागला. स्वीडनमध्येही तसंच आहे. संसदेपासून पन्नास किलोमीटरच्या बाहेर राहणाऱ्या सदस्यालाच स्टॉकहोममध्ये मुक्कामाची जागा मिळते. म्हणजे अंतर पाहा, पावती पाहा, आणि मालकी देऊ नका. प्रामाणिक देशांनी हे इतकंच केलं आहे आणि ते आपल्याला न जमण्यासारखं नाही.

आता 'पक्षाने सोय करावी' या सल्ल्याकडे वळतो. मला तो सर्वांत घातक वाटतो. आमदार कुठे झोपतो आणि त्याचं भाडं कोण भरतं, यावर तो सकाळी कुणासाठी हात वर करतो हे बऱ्याचदा ठरतं. नोव्हेंबर २०१९ मध्ये सरकार कुणाचं यावरून गोंधळ झाला तेव्हा मुंबईतली हॉटेलं आमदारांनी भरली होती. जून २०२२ मध्ये आमदार आधी सुरतला, मग गुवाहाटीला हॉटेलात होते, आणि त्या मुक्कामाचा खर्च कुणी केला हा प्रश्न तेव्हा देशभर विचारला गेला. कुठला पक्ष बरोबर आणि कुठला चूक, यात मी इथे शिरत नाही. पण आमदाराच्या निवाऱ्याचा धनी भलताच असला की जनादेशाचं काय होतं, हे महाराष्ट्राने गेल्या काही वर्षांत पुरतं पाहिलं आहे. ही झाली बातम्यांत आलेली उदाहरणं. न दिसणारी याहून घातक असतात. तालुक्यातल्या रस्त्याचं, धरणाच्या कालव्याचं, वाळूच्या लिलावाचं काम घेणारा कंत्राटदार आमदाराला म्हणतो, 'साहेब, मुंबईत आपला फ्लॅट रिकामाच असतो, हक्काने उतरत जा.' नव्या आमदाराला यात उपकार वाटतो. दोन वर्षांनी त्या रस्त्याला खड्डे पडतात आणि त्याला तारांकित प्रश्न विचारावासा वाटत नाही. सरकारी खोलीचं भाडं यापुढे किती स्वस्त आहे, याचा हिशेब करदात्यानेच करावा.

अधिवेशनाचे दिवस कमी आहेत, हा आक्षेप मला मान्य आहे. फार कमी आहेत. अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत, हिवाळी नागपूरला, आणि तिन्ही मिळून भरतील तेवढे दिवस एवढ्या मोठ्या राज्याला लाजिरवाणे आहेत. पण यावर राग असेल तर मागणी अधिवेशनं वाढवण्याची हवी. शिवाय आमदाराचं मुंबईतलं काम सभागृह संस्थगित झालं की संपत नाही. लोकलेखा समिती, अंदाज समिती, अनुसूचित जमाती कल्याण समिती यांच्या बैठका वर्षभर असतात, आणि खात्याचा सचिव समोर बसवून कागद मागवण्याचं खरं काम तिथेच होतं. वनहक्काचे दावे, पीकविम्याचे अडकलेले पैसे, शाळेची रखडलेली मंजुरी, यासाठी मंत्रालयात एका टेबलावरून दुसऱ्या टेबलापर्यंत फाइलमागे चालावं लागतं. हे फोनवर होत नाही. ज्यांना होतं असं वाटतं, त्यांनी कुठल्याही जिल्हा परिषद सदस्याला विचारावं.

आमदार निवासाच्या खोलीत कोण कोण असतं, हेही सांगायला हवं. टाटा रुग्णालयात किंवा केईएममध्ये माणूस दाखल करायला आलेलं कुटुंब, मंत्रालयात अर्ज घेऊन आलेला सरपंच, आझाद मैदानात उपोषणाला बसायला आलेल्या अंगणवाडी सेविका. मुंबईत त्यांचा दुसरा कुणी नसतो. परळला रुग्णालयाबाहेर फुटपाथवर रात्र काढणारे नातेवाईक ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना त्या खोलीतल्या जमिनीवर अंथरलेल्या सतरंजीची किंमत कळेल. मतदारसंघ दूरचा असेल तितकी ही गरज जास्त. मलबार हिलच्या मतदाराला आपल्या आमदाराच्या खोलीत उतरावं लागत नाही.

याच खोल्यांचा गैरवापरही होतो. आमदार गावी असताना दलाल आणि पुढारी महिनोन्‌महिने तिथे ठाण मांडतात, आणि कॅन्टीनच्या कर्मचाऱ्यांवर दादागिरी चालते. जुलै २०२५ मध्ये मुंबईतल्या आकाशवाणी आमदार निवासात एका आमदारानेच शिळ्या डाळीवरून कॅन्टीनच्या कर्मचाऱ्याला मारहाण केली, ते चित्रीकरण सगळ्यांनी पाहिलं. त्या माणसावर हात उचलणाऱ्याला माफी असूच नये. पण त्या घटनेने खोलीची गरज खोटी ठरत नाही. खोल्यांची नोंदवही नीट ठेवायची, आमदाराच्या गैरहजेरीत कोण राहतं ते लिहून घ्यायचं आणि मतदारसंघातून आलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी वेगळी सामाईक खोली ठेवायची, हे प्रशासनाचं साधं काम आहे. ते न करता सगळंच बंद करा म्हणणं म्हणजे रुग्णाच्या नातेवाइकाला दलालाच्या चुकीची शिक्षा.

बाई आमदार असेल तर मुक्कामाचा प्रश्न आणखी निकराचा होतो. डिसेंबर २०२२ मध्ये देवळालीच्या आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांच्या बाळाला घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला आल्या होत्या. त्यानंतरच्या अर्थसंकल्पी अधिवेशनात मुंबईच्या विधान भवनातल्या हिरकणी कक्षाच्या दुरवस्थेबद्दल त्यांना जाहीरपणे बोलावं लागलं. तान्ह्या बाळाच्या आईला कामकाजाच्या ठिकाणाजवळ स्वच्छ, कुलूपबंद, स्वतःची अशी जागा नसेल तर तिने काय करायचं? हॉटेलात राहायचं, की कार्यकर्त्यांनी भरलेल्या खोलीत? आरक्षणाने बायका सभागृहात येतील, पण रात्री राहायला सुरक्षित जागा नसेल तर दुसऱ्यांदा उभं राहताना त्या दहादा विचार करतील.

आता सरकारच्या वागण्याकडे येतो. नरिमन पॉइंटचं मनोरा आमदार निवास १९९० च्या दशकात बांधलं. पंचवीस वर्षंही झाली नव्हती तेव्हा २०१७ मध्ये तिथल्या एका आमदाराच्या खोलीतल्या छताचा भाग कोसळला. २०१८ मध्ये इमारती रिकाम्या केल्या आणि पर्यायी जागेचं भाडं म्हणून आमदाराला महिन्याला एक लाख रुपये देण्याचा निर्णय झाला. नव्या इमारतींचं भूमिपूजन व्हायला ऑगस्ट २०२३ उजाडला. एका आमदारामागे वर्षाला १२ लाख, शंभर आमदार धरले तरी वर्षाला १२ कोटी, आणि ही वर्षं वाढतच गेली. आमदाराला खोली द्या म्हणणाऱ्याने या पैशाचा जाब सर्वांत आधी मागितला पाहिजे. सरकारी बांधकाम खात्याची इमारत इतक्या लवकर का खचली? रिकामी केल्यावर भूमिपूजनाला पाच वर्षं कशी लागली? यांची जबाबदारी ठरल्याचं कधी ऐकलं नाही.

ठोक रकमेला माझा विरोध याहून खोल आहे. महिन्याला ठरलेला आकडा दिला की त्याचा राहण्याशी संबंध तुटतो. मग तो पगाराचाच तुकडा होतो, फक्त नाव वेगळं. सिरोंच्याचा आणि शिवडीचा आमदार यांच्यात त्या आकड्याला फरक दिसत नाही. खरोखर भाड्याने राहणारा आणि भावाच्या घरी राहून रक्कम खिशात घालणारा, यांतही दिसत नाही. आणि लोकांना हे सगळं कळतं. गोरेगावच्या घोषणेवर जो भडका उडाला, त्याचं सरपण अशा रकमांनीच रचलेलं होतं. दूरच्या आमदाराची न्याय्य गरज जवळच्याच्या लोभामागे झाकली गेली, आणि बदनामी मात्र दोघांच्या वाट्याला सारखी आली.

गोरेगावची घरं तर याहूनही चुकीची होती. आमदारकी पाच वर्षांची, घर कायमचं. पुढच्या निवडणुकीत त्याच मतदारसंघातून दुसरा माणूस आला की त्याला पुन्हा नवं घर. म्हणजे दूरच्या जनतेची सोय कधीच होत नाही, माजी आमदारांची मालमत्ता तेवढी वाढत जाते. म्हाडाच्या सोडतीत आजी-माजी आमदार-खासदारांसाठी राखीव घरं आधीच असतात. कुलाब्याच्या 'आदर्श' सोसायटीमध्ये पुढाऱ्यांच्या आणि अधिकाऱ्यांच्या नातलगांना फ्लॅट मिळाल्यावर २०१० मध्ये मुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला, ती जखम अजून ताजी आहे. पदासाठी मिळालेली जागा पदाबरोबर गेली पाहिजे. उत्तर प्रदेशातल्या माजी मुख्यमंत्र्यांना आजन्म बंगले देणारी तरतूद सर्वोच्च न्यायालयाने मे २०१८ मध्ये रद्द केली, ती याच तत्त्वावर.

म्हणून नव्या मनोऱ्याच्या खोल्यांचं वाटप कसं होणार, हे आजच ठरायला हवं. मतदारसंघाच्या मुख्य गावापासून विधान भवनापर्यंत सार्वजनिक वाहनाने लागणारा वेळ हाच वाटपाचा क्रम असावा. ज्येष्ठता, पक्ष, मंत्र्याची चिठ्ठी, यांतलं काहीही त्यात येऊ नये. ज्याचं किंवा ज्याच्या पती-पत्नीचं मुंबई महानगरात राहतं घर आहे, त्याला मुंबईत खोली नाही आणि भाडंही नाही. नागपूरच्या अधिवेशनात हाच नियम उलटा लागू करावा, तिथे मुंबईचा आमदार दूरचा आणि नागपूरचा जवळचा. खोल्या अपुऱ्या पडल्या तर भाडं द्यावं, पण भाडेकरार पाहून, प्रत्यक्ष भरलेलं तेवढंच, आणि घरमालक आमदाराचा नातेवाईक किंवा सरकारी कंत्राटदार नाही अशा लेखी हमीवर. कोणत्या मतदारसंघाला कोणती खोली, कुणाला किती भाडं, ही यादी विधानमंडळाच्या संकेतस्थळावर दर महिन्याला लागावी. मुदत संपल्यापासून तीस दिवसांत खोली रिकामी झाली नाही तर बाजारभावाने भाडं निवृत्तिवेतनातून कापून घ्यावं.

यातल्या कशालाही नवी इमारत किंवा जास्तीचा पैसा लागत नाही. आमदारांचं वेतन आणि भत्ते ठरवण्याचा अधिकार राज्यघटनेच्या १९५ व्या अनुच्छेदाने विधानमंडळाला दिला आहे आणि त्यासाठीचा कायदा १९५६ पासून आहे. वेतनवाढीसाठी त्यात दुरुस्त्या करताना सर्व पक्षांचं एकमत झाल्याचं महाराष्ट्राने अनेकदा पाहिलं आहे. या दुरुस्तीचं अशासकीय विधेयक दूरच्याच एखाद्या आमदाराने मांडावं, आणि मुंबईच्या ३६ जणांनी त्यावर कोणत्या बाजूने मत दिलं, हे सभागृहाच्या कार्यवृत्तात नावानिशी नोंदलं जावं.